कर्माचे विभाग आणि एक माप

गीतेचा पहिला अध्याय पुष्कळदा घाईने वाचला जातो. शंखांची नावे येतात, वीरांची नावे येतात, मग अर्जुनाचा विषाद येतो, आणि वाचक दुसऱ्या अध्यायाकडे वळावयास उतावीळ होतो. प्रापंचिक मनुष्याने मात्र येथे थोडे थांबावे. संकट मनात कसे वाढत जाते याचे इतके बारकाईचे चित्र अन्यत्र क्वचितच सापडेल. दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा करा, असे अर्जुनच भगवंतांस सांगतो. त्याला सर्व काही एका दृष्टीत पाहावयाचे असते. ते तसे दिसते, आणि वडीलधारे, आचार्य, मामे, बंधू, पुत्र, नातू, मित्र अशी सारी माणसे एकदम समोर उभी राहताच गांडीव हातातून गळू लागते व अंगाचा दाह होतो. येथवर दुःख डोळ्यांपुढचे आहे. यापुढे ते तसे राहत नाही. स्वजनांच्या वधातून कुलाचा क्षय, त्यातून कुलधर्माचा नाश, त्यातून संकर, मग पितरांच्या पिंडोदकाचा लोप आणि शेवटी नरकवास, अशी साखळी अर्जुन स्वतःच एकेक कडी जोडून घडवितो. रणांगणावर त्याच्या धनुष्यातून अजून एकही बाण सुटलेला नाही, आणि त्याच्या मनात कित्येक पिढ्यांचा अधःपात होऊन गेलेला आहे.

वाचकहो, हे कुरुक्षेत्र आपल्या माजघरातही रात्री दोन वाजता उभे राहते. वडिलांचे दुखणे लांबलेले असते. दवाखान्याचा खर्च, घरावरच्या कर्जाचा हप्ता, मुलीचे शिक्षण, धाकट्या भावाशी पडलेले अंतर, या चार गोष्टी दिवसा चार असतात. रात्री त्यांची एकच गाठ होते, आणि ती गाठ सोडवावयास घेतली की पहिला प्रश्न उठतो तो वीस वर्षांनंतरचा: माझ्यामागे या घराचे काय होणार? औषधाची चिठ्ठी उशाशी तशीच राहते. सकाळी उठून जे करणे सहज शक्य होते तेही होत नाही, कारण मन रात्रभर अशा ठिकाणी लढत होते जेथे लढण्यासारखे काहीच नव्हते.

भगवंतांनी अर्जुनाच्या त्या साखळीस कसे उत्तर दिले, हे पाहण्यासारखे आहे. कडीमागून कडी घेऊन ते वाद घालीत बसत नाहीत. ते आधी वेगळे करतात. देह निराळा व देही निराळा. स्वधर्म म्हणून समोर आलेले कर्म निराळे व त्याविषयीचा मोह निराळा. मग दुसऱ्या अध्यायाच्या सत्तेचाळिसाव्या श्लोकात येतो तो सर्वांत मोठा छेद: कर्म तुझ्या अधिकारातले, फळ तुझ्या अधिकाराबाहेरचे. या श्लोकाचा अर्थ पुष्कळ लोक केवळ वैराग्यपर लावतात. तो अर्थ खोटा नाही. परंतु संसारात बुडालेल्या मनुष्यास त्याचा पहिला उपयोग अगदी व्यवहारी आहे. संकट कितीही मोठे असो, त्यावर पहिली रेघ येथेच ओढावयाची. वडील बरे होतील काय, हे रेघेच्या पलीकडे. वेळेवर औषध, पथ्याचे जेवण, वैद्याकडे नियमाने जाणे, हे रेघेच्या अलीकडे. ही एक रेघ ओढताच निम्मे ओझे खाली उतरते, आणि ते आपले कधी नव्हतेच हेही कळून येते.

उरलेल्या निम्म्याचे काय? त्यासाठी अठराव्या अध्यायात जावे लागेल. तेथे भगवंत कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगतात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव. असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला खरे दिसतच नाही, असे लगेच पुढे ते म्हणतात, आणि त्याची बुद्धी बिघडलेली आहे असे स्पष्ट बोलतात. आम्हांस हा शब्द कठोर वाटतो, कारण सगळे घर माझ्या एकट्याच्या खांद्यावर आहे ही भावना आम्ही कर्तव्यनिष्ठा म्हणून मिरवीत असतो. ती बहुधा निष्ठा नसते. तो अहंकारच असतो, फक्त वेष त्यागाचा घेतलेला असतो.

कर्म मोठे आहे, पिढ्यान् पिढ्या चालावयाचे आहे, आणि ते एकट्या कर्त्याचे नाही, हे ज्याने ओळखले त्याने त्याची वाटणी कशी केली, याचा एक पुरावा दगडावर कोरलेला आहे. तो पाहावयास तंजावरास जावे लागते. मराठी माणसास तंजावर परके नाही. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी तेथे सतराव्या शतकात जी गादी स्थापिली ती १८५५ पर्यंत टिकली. परंतु येथे सांगावयाची गोष्ट त्यांच्याही सहाशे-साडेसहाशे वर्षे आधीची आहे. चोळ सम्राट पहिला राजराज याने तेथे बृहदीश्वराचे मंदिर बांधिले आणि ते १०१० साली पूर्णत्वास आले. ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडाचे ते उत्तुंग विमान पाहून यात्रेकरूच्या तोंडून एकच प्रश्न निघतो: एवढे उभारले कसे? त्यावर तेथे एक कथा सांगतात. माथ्यावरचे घुमटाकार शिखर म्हणजे ऐंशी टन वजनाची एकच अखंड शिळा असून ती कित्येक मैल लांबीच्या उतरणीवरून ओढीत वर नेली, अशी ती कथा. ज्या अभ्यासकांनी मंदिराची बारकाईने मोजणी केली त्यांस मात्र ते शिखर अनेक शिळा जुळवून बनविलेले आढळले. आम्हांस चमत्कार एकसंध लागतो. सांधे दिसले की आमची श्रद्धा खट्टू होते, वास्तविक त्या शिल्पकारांचे थोरपण त्या सांध्यांतच आहे. असो.

उभारणी हा राजापुढचा अवघड प्रश्न होता, पण त्याहून अवघड दुसरा होता, आणि तो यात्रेकरूच्या ध्यानात येत नाही. मंदिर एकदा उभे राहते. दिवा मात्र रोज लावावा लागतो. आज, उद्या, राजा मेल्यावर, दुष्काळाच्या सालीही. अगणित दिवे, त्यांस लागणारे तूप, नैवेद्याचे भात, पहारा, झाडलोट, गायन, हिशेब. हा संसार राजाच्या खजिन्यातून एकहाती चालवावयाचा म्हटला असता तर तो राजाबरोबरच संपता. राजराजाने काय केले ते त्याच्या आज्ञेवरून मंदिराच्या दगडांवर कोरून ठेविलेले आहे. आपण दिलेले, आपल्या थोरल्या बहिणीने दिलेले, राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले, सर्व काही शिळेवर लिहावे, अशी ती आज्ञा. हे लेख १८९१ पासून सरकारी पुस्तकमालेतून छापून प्रसिद्ध होऊ लागले, म्हणून आज घरबसल्या वाचता येतात.

त्यांतील दिव्यांची व्यवस्था पाहा. एक नंदादीप म्हणजे शहाण्णव मेंढ्या, किंवा अठ्ठेचाळीस गाई, किंवा सोळा म्हशी. तेवढा कळप एका मेंढपाळाच्या अथवा गवळ्याच्या स्वाधीन करावयाचा, त्याचे नाव शिळेवर कोरावयाचे, आणि त्याने रोज एक उळक्कु तूप आणून घालावयाचे. उळक्कु हे तिकडचे लहानसे माप आहे. मनुष्यास शेकडो दिव्यांची चिंता नाही. त्याची चिंता एका दिव्यापुरती व एका मापापुरती. चोळांच्या काळच्या शिलालेखांत अशा दान दिलेल्या मेंढ्यांस एक सुंदर विशेषण लाविलेले असते: न मरणाऱ्या व म्हाताऱ्या न होणाऱ्या मेंढ्या. अर्थ असा की कळपाची वाढ होत राहते, म्हातारी जनावरे जाऊन तरुण येतात, आणि दिव्याच्या वाट्याची संख्या कायम राहते. म्हणजे ज्याच्यावर भार टाकला त्याच्या पोटापाण्याची तजवीजही त्याच भारात केलेली होती. घरातील कामाची वाटणी करताना हे आम्ही विसरतो. सुनेवर आजारी सासऱ्यांची शुश्रूषा सोपवितो, आणि तिच्या झोपेचा विचार कोणत्याच वाटणीत धरीत नाही.

पैशाचेही तसेच. देवळाचा पैसा गावोगावच्या सभांना दिलेला असे, आणि प्रत्येक सभेने दर काशूमागे वर्षास एक-अष्टमांश काशू व्याज, म्हणजे साडेबारा टक्के, रोख किंवा धान्याने भरावयाचे. कोणत्या गावाने पहारेकरी पाठवावा, कोणत्या गावाने हिशेबनीस, हेही नेमलेले. तिरुप्पदियम् ही शिवस्तोत्रे गाणारे व त्यांस मृदंगाची साथ करणारे मिळून पन्नास जण, प्रत्येकास रोज तीन कुरुणी भात. देवळातील नृत्यसेवेसाठी आणलेल्या चारशे स्त्रियांची नावे आहेत, आणि नावापुढे कोणत्या रस्त्यावर कितवे घर हेही आहे. प्रत्येकीस वर्षास शंभर कलम भाताचा एक वाटा. त्याच यादीत पुढे छत्र धरणारे, दिवे लावणारे, पाणी शिंपणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सुतार, ज्योतिषी आहेत. गाणाऱ्यांपैकी कोणी मेला किंवा परगावी गेला तर त्याच्या जवळच्या नातलगाने ती जागा घ्यावी, आणि तो लायक नसल्यास लायक मनुष्य निवडावा, हेदेखील त्या लेखांत नमूद आहे. सम्राटाने शिंप्याचा वाटासुद्धा दगडावर लिहावा, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. मोठ्या संकल्पाची माणसे बहुधा बारीक गोष्टींस तुच्छ लेखतात. त्यांचे संकल्प त्यामुळेच त्यांच्यामागे फार टिकत नाहीत.

येथे एक शंका येईल. असे तुकडे पाडता पाडता मूळ वस्तूच हरवणार नाही काय? शंका योग्य आहे. आपल्या भाषेत या रोगास म्हणच आहे: एक ना धड, भाराभर चिंध्या. गीतेनेही या धोक्याची नोंद घेतलेली आहे. अठराव्या अध्यायात ज्ञानाचे तीन प्रकार सांगताना भगवंत म्हणतात की वेगवेगळ्या झालेल्या भूतमात्रांत जे ज्ञान एकच अविनाशी, न विभागलेले तत्त्व पाहते ते सात्त्विक. सगळ्यांस निरनिराळे म्हणूनच जे पाहते ते राजस. आणि जे एका लहानशा तुकड्यासच सर्वस्व समजून, कारणाचा विचार न करता, त्याला चिकटून बसते ते तामस. भगवंत विभाग करू नका असे म्हणत नाहीत. अठरावा अध्याय तर सारा विभागांनीच भरलेला आहे. विभागांतून काय दिसते, एवढाच त्यांचा प्रश्न.

पूर्वी सांगितलेल्या तुपाच्या मापाकडे आता पुन्हा वळू. त्या मापास नाव होते. देवळाचे भात मोजण्याचे जे मरक्काल माप होते त्यासही तेच नाव, आणि देवास वाहिलेले सोने तोलण्याच्या वजनासही तेच: आडवल्लान. तमिळ भाषेत आडवल्लान म्हणजे नृत्यात निपुण असलेला, अर्थात साक्षात् नटराज. गवळी गावाबाहेर, शेतकरी शेतात, सोनार पेढीवर. एकमेकांस त्यांनी कधी पाहिलेही नसेल. परंतु प्रत्येकाचा वाटा देवाच्या नावाच्या मापाने मोजला जात होता. गवळ्याने माप भरताना हात आखडला असता तर त्याने सरकारास फसविले असे होत नव्हते. ज्याच्यासाठी दिवा जळतो त्याच्याच नावाच्या मापात त्याने खोट केली असे होत होते. यज्ञासाठी केलेले कर्म बांधीत नाही, बाकीचे बांधते, असे तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात. त्याचे याहून सुबोध भाष्य मी तरी कोठे पाहिलेले नाही. वाटा माझा लहान, पण माप त्याचे.

घरात ही गोष्ट कशी आणावी? मघाच्या चार चिंतांचे चार वाटे केले, भावाने हप्ता भरावयाचा, मुलाने औषधे आणावयाची, पत्नीने पथ्य पाहावयाचे असे ठरले, तरी प्रत्येकाचे माप निराळे असेल तर महिन्याभरात भांडण ठरलेले. मी इतके केले, त्याने इतकेच केले. असे का होते? प्रत्येकजण स्वतःच्या नावाचे माप घेऊन बसलेला असतो. वडिलांची सेवा ही नारायणाची सेवा आहे, हे वाक्य आम्ही भिंतीवर टांगतो. ते भिंतीवरून काढून वाटणीच्या वेळी मध्ये ठेवावयाचे असते. मग कोणी अधिक केले म्हणून चढत नाही, आणि कोणास कमी झेपले म्हणून तो कुढत नाही. बाराव्या अध्यायात भगवंतांनी स्वतःच असा उतरता जिना बांधून दिलेला आहे. चित्त माझ्यात स्थिर कर. ते न जमेल तर अभ्यास कर. तेही न जमेल तर माझ्यासाठी कर्मे कर. तेही न जमेल तर फळ तेवढे सोड. अर्जुनासारख्या शिष्यास चार पायऱ्या खाली उतरून देण्यास भगवंतांस संकोच वाटला नाही. आम्हांस मात्र मुलाने पहिल्या पायरीवरच उभे राहावे असे वाटते.

वाटणीत आणखी एक दोष शिरतो, आणि तो अधिक लबाड असतो. तंजावरची भूमी कावेरीवर जगते. श्रीरंगम् बेटाच्या वरच्या टोकाशी नदी दुभंगते. उत्तरेचा फाटा कोळ्ळिडम्, दक्षिणेचा कावेरी. शेतीचा आधार कावेरी, पण कोळ्ळिडमचे पात्र अधिक सखल व उताराचे. पाणी सखल बाजूस धावावयाचेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाणी अधिकाधिक कोळ्ळिडमकडे जाऊ लागले, कावेरीचे पात्र गाळाने भरू लागले, आणि ज्या फाट्यावर तंजावरचे अन्न अवलंबून तोच कोरडा पडण्याची वेळ आली. तेव्हा आर्थर कॉटन या इंजिनिअरने १८३६ मध्ये कोळ्ळिडमच्या तोंडाशी बंधारा घालून पाण्याची वाटणी पुन्हा ठिकाणावर आणिली. (२०१८ च्या पुरात त्या जुन्या बंधाऱ्याची काही दारे वाहून गेली आणि तेथे नवा बांध घालावा लागला; अशी राखण कधीच संपत नसते.) कामाचे भाग पाडून घेतलेल्या मनुष्याचेही असेच होते. तो सोप्या भागाकडे वाहू लागतो. दवाखान्याची कागदपत्रे उत्तम लावतो, हिशेबाची वही सुवाच्य ठेवतो, सर्व कामे करतो, आणि भावाकडे जाऊन बोलणे तेवढे पुढे ढकलतो. देहास किंवा मनास क्लेश होतील या भयाने कर्म टाकणे हा राजस त्याग होय आणि त्याचे फळ मिळत नाही, असे भगवंतांनी सांगितलेले आहे. म्हणून ज्या भागाकडे पाय वळत नाहीत त्याच्याच तोंडाशी बंधारा हवा की दुसऱ्या सोप्या भागाच्या तोंडाशी, याचा विचार करावा. कॉटनने बंधारा सोप्या फाट्यावर घातला होता.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, राजराजाजवळ राज्य होते, वाटावयास गावे होती. ज्याच्या हातातले सगळेच गेले त्याने काय वाटावे? त्याचेही उत्तर त्याच नगरात आहे. दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर बसले, आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला व आसपासचा थोडा मुलूख. पूर्वजांचे सारे वैभव डोळ्यांपुढे आणून शोक करीत बसावयास याहून सबळ कारण कोणते? सरफोजींनी उरलेला भाग घेतला. वाड्यातील सरस्वती महालात ग्रंथ जमविले, प्रती करविल्या. धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा व रुग्णांवर उपचार चालविले. देवनागरी अक्षरांचा छापखाना काढून मराठी व संस्कृत पुस्तके छापली. १८०३ मध्ये राजराजाच्याच त्या मंदिराच्या आवारातील भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. राज्य परत मिळाले नाही. १८५५ मध्ये वंशाला औरस वारस न उरल्याने ते नावापुरतेही संपले. सरस्वती महाल मात्र १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तेथील संस्कृत पोथ्यांची सूची बर्नेल या न्यायाधीशाने १८८० मध्ये छापली होती, पुढे पी. पी. एस. शास्त्री यांनी वर्णनात्मक सूची केली तिचे एकोणीस खंड झाले. पोथीमागून पोथी, तिचा आरंभ, तिचा शेवट, तिची पाने मोजून हे काम झाले.

सहाव्या अध्यायात मन आवरावयास सांगताना भगवंत हळूहळू हा शब्द दोनदा उच्चारतात, आणि बुद्धीला धीराने धरून ठेवावे असे म्हणतात. याच सरफोजीराजांनी १८२० साली काशीयात्रेस प्रस्थान ठेविले. बरोबर परिवार व सेवकांचा मोठा तळ होता, आगगाडी अजून हिंदुस्थानात यावयाची होती, आणि तंजावरहून काशी म्हणजे जवळजवळ अर्धे भारतवर्ष ओलांडणे. रोजचा मुक्काम ठरलेला, मुक्कामावर स्नान, देवदर्शन, गोरगरिबांस दानधर्म, वाटेतल्या तीर्थस्थानांची डागडुजी, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा मुक्काम. अशा रीतीने मजल दरमजल करीत तो तळ गंगेच्या काठी पोहोचला.